एका ताऱ्याची शकावली

खगोलशास्त्रज्ञांना एकमेकांना काही तातडीने कळवायचे असेल तर ते 'ॲस्ट्रॉनॉमर्स टेलिग्राम' या सेवेकडे थोडक्यात मजकूर पाठवतात. या सेवेचा 190 क्रमांकाचा निरोप सप्टेंबर 2003 मधला आहे. रशीद सुन्येव आणि सहकाऱ्यांनी त्यात कळवले की 17 सप्टेंबरला 'इंटिग्रल' या युरोपीय उपग्रहाला आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे 3 अंशांवर एक नवा स्रोत दिसला. साधारण दोन तास तो झळाळला आणि मावळला. त्याला नाव मिळाले आयजीआर जे17544-2619. सुरुवातीची अक्षरे इंटिग्रलची, पुढचे आकडे आकाशातला पत्ता: विषुवांश 17 तास 54.4 मिनिटे, क्रांती दक्षिणेकडे 26 अंश 19 कला.

पत्ता हाती असला की बाकीचा हिशेब कोणालाही करता येतो. पुणे जिल्ह्यातले भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे तालुके 18 उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहेत. 2003 सालच्या त्या दिवशी आपल्याकडे पितृपंधरवडा चालू होता. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात हा बिंदू भोरच्या दक्षिणेला मध्यमंडलावर आला. तेव्हा त्याची उंची क्षितिजापासून सुमारे 45 अंश होती. रास धनु आणि पंचांगाच्या विभागणीने नक्षत्र मूळ. पण राजगडाच्या संजीवनी माचीवर कोणी टक लावून उभे असते तरी त्याला काही कळले नसते. तिथला तारा नुसत्या डोळ्यांच्या टप्प्यात येत नाही, आणि क्ष-किरण तर वातावरणातच अडतात. या घटनेचे महत्त्वाचे साक्षीदार पृथ्वीबाहेर फिरणारे आहेत. त्यांनी मागे ठेवलेली दप्तरे हाच आपला आधार.

त्या दप्तरातला एक मोलाचा कागद पुण्यात, गणेशखिंडीत लिहिला गेला. त्याने काय सिद्ध केले आणि काय अजून सिद्ध व्हायचे आहे, हे ठरवण्यासाठी त्याच्या आधीचे आणि नंतरचे कागद क्रमाने लावून पाहावे लागतात.

तारखा कोणाच्या?

निरोप निघाल्यावर जुनी दप्तरे उघडली गेली. 'एक्सएमएम-न्यूटन' ही युरोपचीच क्ष-किरण दुर्बीण 2003 मध्ये या भागाकडे तीनदा वळली होती: 17 मार्च, 11 सप्टेंबर आणि 17 सप्टेंबर. रोसारिओ गोन्सालेस-रिएस्त्रा यांच्या गटाने 2004 मध्ये तिन्ही निरीक्षणांचा अहवाल दिला. मार्चमध्ये त्या जागी काहीच नव्हते. सप्टेंबरच्या दोन्ही वेळी स्रोत ठळक दिसत होता. म्हणजे शोधाची तारीख 17 सप्टेंबर असली, तरी सहा दिवस आधीच्या नोंदीत तो हजर होता. 'बेप्पोसॅक्स' या इटालियन-डच उपग्रहाच्या त्याहून जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा तिथेही याच जागेचे उद्रेक निघाले. 2003 हे या ताऱ्याच्या उजळण्याचे पहिले वर्ष नव्हते. आपल्याला तो ओळखता आला, त्याचे ते वर्ष.

अहवालातले आकडे पाहू. 17 सप्टेंबरची सरासरी तेजस्विता सेकंदाला 5.7 × 10³⁵ अर्ग. मार्चमध्ये ती 3.8 × 10³² अर्गपेक्षाही कमी असली पाहिजे. हे आकडे काढताना लेखकांनी अंतर सुमारे 26,000 प्रकाशवर्षे धरले होते, म्हणजे आकाशगंगेच्या केंद्राइतके. पुढे अंतर 6,500 ते 13,000 प्रकाशवर्षांच्या दरम्यानचे निघाले. अंतर निम्मे झाले की तेजस्विता चौथाईवर येते, तेव्हा 2004 चे आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. पण दोन आकड्यांचे गुणोत्तर अंतरावर अवलंबून नसते. सहा महिन्यांत स्रोत किमान 1,500 पट उजळला, हे विधान अंतर बदलले तरी टिकते.

मार्च आणि सप्टेंबर या तारखांकडेही सावधपणे पाहायला हवे. वर्षातून दोनदा, सहा महिन्यांच्या अंतराने, म्हटल्यावर ताऱ्याचीच काही लय असेल असे वाटू शकते. खरे कारण सौरपट्ट्यांत आहे. या पट्ट्या सूर्याकडे रोखलेल्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे एक्सएमएम-न्यूटनला सूर्याशी साधारण काटकोनात येणाऱ्या आकाशपट्ट्यातच पाहता येते, आणि इंटिग्रललाही तसेच पाहता येत असे. धनु राशीतला हा भाग मार्चच्या आणि सप्टेंबरच्या मध्याला सूर्यापासून जवळपास 90 अंशांवर असतो. म्हणून दप्तरात त्या महिन्यांची गर्दी. डिसेंबरात या बिंदूजवळ सूर्यच येऊन बसतो. दप्तर रिकामे आहे याचा अर्थ तारा गप्प होता असा होत नाही.

जात कशी ठरली

यानंतरचा कागद 2005 चा. इन 'ट झांड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेची 'चंद्रा' दुर्बीण या जागेवर 20,000 सेकंद, म्हणजे साडेपाच तास, रोखली. सुरुवातीला स्रोत निपचित होता. निरीक्षण चालू असतानाच त्याचा उद्रेक झाला. या प्रकारचा स्रोत शांत अवस्थेत पकडला गेला तो प्रथमच. शांत असतानाची तेजस्विता निघाली सेकंदाला 5.2 × 10³² अर्ग, आणि वर्णपट अतिशय मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या किरणांकडे झुकलेला. शांत अवस्थेतल्या कृष्णविवरांचे वर्णपट इतके मऊ नसतात. त्यावरून लेखकांनी अनुमान केले की या जोडताऱ्यातला घन पिंड बहुधा न्यूट्रॉन तारा असावा. त्या अनुमानाला त्यांनी एक अट जोडली होती: शांत अवस्थेतले किरण बऱ्याच अंशी त्या पिंडाकडूनच येत असतील तर.

चंद्राने जागा अचूक दिल्यामुळे जोडीदारही नक्की झाला. पेलिझा, शाती आणि नेगेरुएला यांनी दृश्य आणि अवरक्त प्रकाशात त्याचा वर्णपट घेतला. 2006 च्या त्यांच्या निबंधानुसार तो ओ9 वर्गाचा निळा महाराक्षसी तारा आहे. वस्तुमान सूर्याच्या 25 ते 28 पट, पृष्ठभागाचे तापमान सुमारे 31,000 अंश. असे तारे स्वतःचे द्रव्य वाऱ्यासारखे सतत बाहेर फेकतात. शेजारी न्यूट्रॉन तारा असेल तर त्यातले काही द्रव्य त्याच्या गुरुत्वाकर्षणात सापडते, त्याच्यावर कोसळते, तापते आणि क्ष-किरण सोडते.

इथवर नवल काही नाही. व्हेला एक्स-1 हा याच घडणीचा जोडतारा कित्येक दशके माहीत आहे, आणि तो कमीअधिक तेजाने कायम तेवत असतो. महिन्यामहिन्यांनी उफाळणारी दुसरी एक जातही माहीत होती. तिथे जोडीदार बीई वर्गाचा तारा असतो, त्याच्याभोवती द्रव्याचे कडे असते आणि उद्रेक आठवडेच्या आठवडे चालतात. महाराक्षसी जोडीदार, तरीही काही तासांत संपणारा उद्रेक, असा मेळ जुन्या वर्गीकरणात कुठेच बसत नव्हता. तसा पहिला नमुना 1997 मध्येच हाती आला होता. 'आरएक्सटीई' उपग्रहाने टिपलेला एक्सटीई जे1739-302 डेव्हिड स्मिथ यांच्या गटाने 1998 मध्ये जाहीर केला, पण एकट्या उदाहरणावरून जात ठरत नाही. इंटिग्रलने तसे आणखी स्रोत दाखवल्यावर 2005 मध्ये स्गेरा यांच्या गटाने वारंवार उफाळणाऱ्या अशा स्रोतांचा आढावा घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात स्पेनमधल्या एल एस्कोरियाल इथल्या परिषदेत नेगेरुएला आणि सहकाऱ्यांनी ही वेगळी जात असल्याचे मांडले. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एसएफएक्सटी म्हणतात.

कोडे 2009 मध्ये आणखी गडद झाले. क्लार्क आणि सहकाऱ्यांनी इंटिग्रलच्या काही वर्षांच्या नोंदींमधून या जोडीचा परिभ्रमणकाळ काढला: 4.926 दिवस. व्हेला एक्स-1 चा आहे जवळपास 9 दिवस. म्हणजे आपला न्यूट्रॉन तारा जोडीदाराला जास्त खेटून फिरतो, दाट वाऱ्यातून जातो, आणि तरीही बहुतेक वेळ उपाशी असल्यासारखा काळोखात असतो.

तीन उत्तरे

पहिले उत्तर वाऱ्याला जबाबदार धरते. महाराक्षसी ताऱ्याचा वारा एकसारखा वाहत नाही, त्यात द्रव्याच्या गुठळ्या असतात. गुठळी न्यूट्रॉन ताऱ्याला धडकली की उद्रेक, मधल्या विरळ पट्ट्यात शांतता. रँपी, स्मिथ आणि नेगेरुएला यांनी 2009 मध्ये जपानच्या 'सुझाकू' उपग्रहाच्या निरीक्षणांवरून अशा गुठळ्यांचा पुरावा मांडला. पण व्हेला एक्स-1 चा वाराही गुठळ्यांचा आहे. मग तो असा का वागत नाही?

दुसरे उत्तर 2008 मध्ये बोझ्झो, फालांगा आणि स्टेला यांनी पुढे केले. त्यांच्या मते अडसर न्यूट्रॉन ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राचा आहे. क्षेत्र प्रबळ असेल आणि तारा सावकाश फिरत असेल, तर येणारे द्रव्य बाहेरच अडते. वाऱ्याचा दाब जरा वाढला की अडसर सरतो आणि अडलेले द्रव्य एकदम आत लोटते. भोर तालुक्यातल्या भाटघर धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचले की आपोआप उघडतात, त्यातलाच हा प्रकार: आवक थोडीशी वाढते, विसर्ग मात्र शून्यावरून हजारोंवर जातो. परंतु या यंत्रणेला चुंबकीय क्षेत्र 10¹⁴ गॉसच्या घरातले लागते. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास आहे. एवढ्या प्रचंड क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याला मॅग्नेटार म्हणतात, आणि अशा जोडताऱ्यात मॅग्नेटार असणे ही मोठीच गोष्ट ठरली असती.

तिसरे उत्तर शाकुरा आणि सहकाऱ्यांचे, 2014 मधले. पकडलेले द्रव्य गरम राहिले तर ते एक कवच होऊन चुंबकीय सीमेवर तरंगत राहते आणि हळूहळू झिरपते. चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन आलेला वाऱ्याचा झोत ते कवच अस्थिर करतो, आणि ते पुरेच्या पुरे कोसळते. या उत्तराला मॅग्नेटार लागत नाही, साधारण क्षेत्र पुरते.

वाद अशा ठिकाणी आला की एक गोष्ट मोजली तर निदान एक उत्तर बाद होणार होते. ती गोष्ट म्हणजे चुंबकीय क्षेत्र.

गणेशखिंडीचा कागद

क्षेत्र मोजायची रीत 1976 पासून माहीत आहे. त्या वर्षी योआखिम ट्र्युम्पर यांच्या गटाने बलूनवरून हर्क्युलिस एक्स-1 या स्पंदकाच्या वर्णपटात क्षेत्राची खूण असलेली रेषा प्रथम पाहिली. न्यूट्रॉन ताऱ्याच्या ध्रुवांजवळ इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती घिरट्या घालतात, आणि त्यांना ठरावीकच ऊर्जा घेता येते. तेवढ्या ऊर्जेचे क्ष-किरण तिथे अडतात आणि वर्णपटात खड्डा पडतो. या खड्ड्याला सायक्लोट्रॉन रेषा म्हणतात. हिशेब सरळ आहे: दर 10¹² गॉसला 11.6 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट.

असा खड्डा शोधण्यासाठी 10 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पलीकडे नीट पाहणारी दुर्बीण लागते. 'न्यूस्टार' 13 जून 2012 ला अवकाशात गेली ती याच कामाच्या तयारीने. कक्षेत गेल्यावर 10 मीटर लांबीचा दांडा उलगडून तिने आपले आरसे आणि शोधक एकमेकांपासून दूर नेले, आणि 3 ते 79 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा पट्टा खुला झाला. तिची निरीक्षणे केनियातल्या मालिंदी इथे उतरतात आणि तिथून बर्कलीला जातात. या मोहिमेवर कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करून वरुण भालेराव यांनी 2012 मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आले. न्यूस्टारने 2013 च्या जूनमध्ये आपल्या स्रोताकडे पाहिले. या महिन्यात हा बिंदू मध्यरात्री मध्यमंडलावर असतो, आणि भोर-वेल्ह्यात तेव्हा पावसाळी ढग दाटलेले असतात. दुर्बिणीला अर्थातच त्याची अडचण नव्हती.

या निरीक्षणांवरचा निबंध 2014 मध्ये खुला झाला आणि 2015 मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक नियतकालिकात छापून आला. पहिले नाव भालेराव यांचे, पत्ता आयुका, गणेशखिंड, पुणे. सोबत पात्रिझिया रोमानो, जॉन टॉमसिक, डेव्हिड स्मिथ, न्यूस्टारच्या प्रमुख फिओना हॅरिसन आणि इतर.

निबंधाने चार गोष्टी सांगितल्या. वर्णपटात 17 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला सायक्लोट्रॉन रेषा आहे. त्यावरून चुंबकीय क्षेत्र 1.45 × 10¹² गॉस निघते; न्यूट्रॉन ताऱ्याच्या गुरुत्वातून बाहेर पडताना किरणांची ऊर्जा घटते, ती भरपाई धरली की आकडा थोडा वाढतो, पण घर तेच राहते. असे क्षेत्र जोडताऱ्यांतल्या न्यूट्रॉन ताऱ्यांत नेहमी आढळते, म्हणून इथे मॅग्नेटार नाही. आणि 1 ते 2,000 सेकंदांच्या टप्प्यात स्पंदन, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याच्या फिरण्याने तेजात पडणारी नियमित उघडझाप, सापडले नाही. या जातीतल्या कोणत्याही ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राचे ते पहिले मापन होते. रेषा न्यूट्रॉन ताऱ्यालाच असू शकते, त्यामुळे 2005 च्या कागदातल्या 'बहुधा'लाही उत्तर मिळाल्यासारखे झाले.

दुसरा साक्षीदार

इथे भोर तालुक्यातल्या एका कागदाची गोष्ट उपयोगी पडते. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांमुळे उजेडात आली आणि भारत इतिहास संशोधक मंडळाने छापली. तिच्यात शके 1540 ते 1619 या काळातल्या घटना मोजक्या शब्दांत, तिथीवार नोंदल्या आहेत. शिवाजी महाराजांचा जन्म तिने शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया असा दिला. बखरींमधून चालत आलेल्या सालाशी तो जुळत नव्हता. शकावलीची तिथी पुढे मानली गेली, ती केवळ शकावली विश्वासार्ह म्हणून नाही. शिवभारतात तीच तिथी मिळाली आणि राजस्थानातून आलेल्या जन्मकुंडलीनेही तिला दुजोरा दिला. एकमेकांना न विचारता लिहिलेले कागद एकच गोष्ट सांगू लागले, तेव्हा नोंदीचा इतिहास झाला.

17 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या नोंदीला हीच कसोटी लावून पाहू. आधी स्पंदनकाळाच्या साक्षी तपासू, कारण तिथला घोळ बोलका आहे. ड्रेव्ह आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये आरएक्सटीईच्या नोंदींतून 71.49 सेकंदांचा काळ सुचवला. आरएक्सटीईचे उपकरण प्रतिमा घेत नसे. सुमारे 1 अंशाच्या पट्ट्यातले सगळे किरण एकत्र मोजत असे. आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या दाटीत एवढा पट्टा म्हणजे शेजाऱ्यांचे किरण मिसळायला भरपूर वाव. पुढे 10 ऑक्टोबर 2014 ला 'स्विफ्ट' उपग्रहाने या ताऱ्याचा महाउद्रेक टिपला. शिखराची तेजस्विता सेकंदाला 3 × 10³⁸ अर्ग होती. सर्वांत शांत अवस्थेपासून शिखरापर्यंतचा पल्ला दहा लाखपटींचा झाला. रोमानो यांच्या गटाने त्या वेळी न्यूट्रॉन ताऱ्याभोवती तात्पुरती चकती बनली असावी असे सुचवले आणि 11.60 सेकंदांचा काळ दिला. न्यूस्टारला यातला एकही काळ दिसला नव्हता. तीन साक्षी, तिन्हींचे म्हणणे वेगळे.

रेषेच्या फेरतपासणीचा अहवाल 2016 मध्ये आला. बोझ्झो यांच्या गटाने एक्सएमएम-न्यूटन आणि न्यूस्टार या दोन्ही दुर्बिणी एकाच वेळी 1,50,000 सेकंद, म्हणजे दीड दिवसाहून जास्त, या ताऱ्यावर रोखल्या. आधी मंद अवस्था आणि मग सुमारे 7,000 सेकंदांचा तेजस्वी उद्रेक, असे दोन्ही हाती आले. किरणांची संख्या बऱ्यापैकी होती. तरीही रेषेला पुष्टी मिळाली नाही आणि स्पंदनाचा मागमूस लागला नाही.

या निष्कर्षाचे वजन मोजून घ्यायला हवे. पुष्टी न मिळणे म्हणजे खंडन नव्हे. हर्क्युलिस एक्स-1 सारख्या स्पंदकांत सायक्लोट्रॉन रेषेची ऊर्जा तेजस्वितेबरोबर सरकते, हे मोजलेले आहे; तेव्हा 2013 च्या अवस्थेत उमटलेला खड्डा वेगळ्या अवस्थेत पुसट होणे अशक्य नाही. पण उलट बाजूही तितकीच खरी. 2016 चा अहवाल त्याच न्यूस्टारच्या डोळ्याने पाहून लिहिलेला आहे, त्यामुळे उपकरण वेगळे असल्याची सबब इथे चालत नाही. आणि हेही नोंदवायला हवे की मॅग्नेटारचा अडसर सुचवणाऱ्या आणि पुढे रेषेला दुजोरा न देऊ शकलेल्या दोन्ही निबंधांवर पहिले नाव बोझ्झो यांचेच आहे. यावरून हेतूचा आरोप करायचे कारण नाही. 2016 मध्ये त्यांनी मॅग्नेटार सिद्ध झाल्याचे म्हटलेले नाही. पण कोणता साक्षीदार कोणत्या बाजूने वादात उतरला होता, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे.

आता कागद बाजूला ठेवून निवाडा करता येतो. जोडीदार निळा महाराक्षसी तारा आहे, हे वर्णपटाने पक्के. परिभ्रमणकाळ 4.926 दिवस, हाही वर्षानुवर्षांच्या नोंदींवर उभा असल्याने भक्कम. उद्रेक तासांत संपतात आणि तेज लाखोपटींनी बदलते, याला इंटिग्रल, एक्सएमएम-न्यूटन, चंद्रा, स्विफ्ट, न्यूस्टार असे अनेक साक्षीदार. दुसरा पिंड न्यूट्रॉन तारा असणे फार संभाव्य, कारण शांत अवस्थेतला वर्णपट आणि उद्रेकातला वर्णपट दोन्ही तिकडेच बोट दाखवतात. तो किती वेगाने फिरतो, ही जागा कोरीच ठेवायला हवी. चुंबकीय क्षेत्राचे मापन एकच आहे, आणि ते गणेशखिंडीचे.

पुढचा मार्गही या निवाड्यातूनच निघतो. पक्के स्पंदन सापडले तर मोठी अडचण सुटेल, कारण न्यूट्रॉन ताऱ्याच्या फिरण्याच्या टप्प्याटप्प्याने वर्णपट वेगळे करता येतात, आणि एकत्र केल्यावर बुजणारा खड्डा त्यात उठून दिसू शकतो. न्यूस्टारच्या नोंदी सार्वजनिक आहेत. 2013 च्या जूनमध्ये आलेल्या प्रत्येक किरणाची वेळ आणि ऊर्जा आजही उतरवून घेता येते, आणि ज्याला वर्णपट बसवता येतो त्याला तो खड्डा स्वतः तपासता येतो. तोवर या ताऱ्याबद्दल लिहिताना 17 या आकड्याआधी 'एका निरीक्षणानुसार' हे दोन शब्द घालावेच लागतील.